ॲपल पिकिंगला यंदा कुठे? प्रिन्स्टन, चेस्टर की वॉरिक

न्यू जर्सीतल्या एडिसन, पिस्कॅटवे, साउथ ब्रन्सविक या पट्ट्यातल्या मराठी घरांत गणपती उठले की ॲपल पिकिंगचा, म्हणजे बागेत जाऊन स्वतः सफरचंदं तोडायचा, विषय निघतोच. भारतातून आई-बाबा आलेले असतात, त्यांची परतीची तारीख जवळ येत असते, मुलांची शाळा आणि सॉकर सुरू झालेलं असतं, आणि सगळ्यांना जमेल असा एखादाच शनिवार उरतो. तो कुठे घालवायचा हे ठरवताना आपल्याकडे बहुतेक वेळा तीन दिशा समोर येतात: प्रिन्स्टनजवळचं टरह्यून ऑर्चर्ड्स, चेस्टरचं अलस्टीड फार्म्स आणि न्यू यॉर्कच्या हद्दीत वॉरिकजवळचं मास्कर ऑर्चर्ड्स. तिन्ही चांगली आहेत. पण ती एकमेकांसारखी नाहीत, आणि चुकीच्या घराने चुकीची बाग निवडली की दिवस दमणुकीत जातो.

जागेच्या आधी तारीख ठरवा, असं मी कळकळीने सांगेन, कारण झाडावर काय मिळणार ते तारखेवर ठरतं. सफरचंदाच्या सगळ्या जाती एकदम पिकत नाहीत. मध्य न्यू जर्सीत गाला, मॅकिंटॉश आणि हनीक्रिस्प साधारण सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात तयार होतात. महिना संपत आला की एम्पायर, जोनागोल्ड, मकाऊन. ऑक्टोबर लागताना रेड आणि गोल्डन डिलिशस, मागोमाग स्टेमन वाइनसॅप, आणि ऑक्टोबरच्या उत्तरार्धात फुजी आणि ग्रॅनी स्मिथ. वॉरिक उत्तरेला असल्याने तिथे हेच वेळापत्रक थोडं मागे सरकतं, आणि त्या वर्षीच्या हवेप्रमाणे आठवडाभर पुढेमागे होतंच. प्रत्येक बाग त्या आठवड्यात काय तोडायला तयार आहे ते आपल्या संकेतस्थळावर लिहिते. निघायच्या आदल्या रात्री ते पाहिल्याशिवाय गाडी काढू नका.

मुलांना विचारलंत तर उत्तर बहुधा ‘हनीक्रिस्प’ असेल. मिनेसोटा विद्यापीठाने १९९१ मध्ये आणलेली ही जात, दाताखाली करकरीत फुटते, रस भरपूर. म्हणूनच ती झाडावर टिकत नाही. लोक आधी तिच्याच रांगेत शिरतात. ऑक्टोबरमधल्या कोलंबस डेच्या लाँग वीकेंडला गेलात तर पानांचे रंग छान मिळतील, पण हनीक्रिस्पच्या फांद्या बहुधा मोकळ्या दिसतील आणि गर्दी वर्षातली सगळ्यात मोठी असेल. रंग हवेत की फळ, हे आधी घरात बोलून घ्या. माझं मत विचाराल तर सप्टेंबरचा तिसरा-चौथा आठवडा. ऊन कोवळं झालेलं असतं, मधल्या हंगामाच्या जाती सुरू झालेल्या असतात आणि भोपळे घ्यायला येणाऱ्यांची गर्दी अजून लोटलेली नसते.

आता जागा. टरह्यून एडिसनपासून पाऊण तासावर, लॉरेन्स टाउनशिपमध्ये. झाडं बुटक्या जातीची, म्हणजे कलमं बुटक्या खुंटावर बांधलेली, त्यामुळे चार वर्षांच्या मुलीचा हात फळापर्यंत पोचतो आणि शिडी लागत नाही. एक गोष्ट नीट लक्षात ठेवा: त्यांचं दुकान आणि जनावरं कोल्ड सॉइल रोडवर आहेत, पण सफरचंदं तोडायची बाग वेगळी, व्हॅन कर्क रोडवर. जीपीएसमध्ये नुसतं नाव टाकलं तर दुकानाशी पोचाल. या जागेचा मोठा गुण असा की बागेत दीड-दोन तासांत काम होतं आणि दिवस उरतो. प्रिन्स्टन दहा-पंधरा मिनिटांवर. विद्यापीठाच्या आवारात आई-बाबांना फिरवता येतं, आणि मर्सर स्ट्रीटवरचं ११२ क्रमांकाचं घर, जिथे आइन्स्टाइन १९३५ पासून १९५५ मध्ये वारेपर्यंत राहिले, ते बाहेरून दाखवता येतं. ते खाजगी घर आहे, आत जाता येत नाही, पण शाळेत विज्ञान शिकवलेल्या आजोबांना त्या फुटपाथवर उभं राहण्याचंच अप्रूप असतं. रॉबिन्सव्हिलचं अक्षरधाम पाहायचं राहिलं असेल तर तेही याच बाजूला आहे.

अलस्टीडचा मामला वेगळा. तिथे सफरचंद हा जत्रेतला एक स्टॉल म्हणायचा. मक्याच्या शेतातला भुलभुलैया, ट्रॅक्टरला जोडलेल्या गाडीतून फेरी, प्राणी, भोपळे, फुलं, आणि हंगामात रास्पबेरीसुद्धा. शरद ऋतूतल्या वीकेंडला प्रवेशाचं तिकीट आधी ऑनलाइन काढावं लागतं आणि तोडलेल्या फळांचे पैसे वेगळे, त्यामुळे आजी-आजोबांसह सहा जणांचं कुटुंब गेलं की तिन्ही बागांत सगळ्यात महाग हेच पडतं. ऑक्टोबरच्या शनिवारी दुपारी चेस्टरजवळ २०६ नंबरच्या रस्त्यावर गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात. तरीही घरात तीन ते सात वर्षांची मुलं असतील तर मी हेच सुचवेन. त्या वयाचं मूल झाडाखाली वीस मिनिटं रमतं, मग कंटाळतं. इथे कंटाळायला वाव नाही. दरवाजा उघडताना पोचा आणि जेवायच्या आधी निघा.

दहा वर्षांपुढच्या मुलांना मात्र तिथे नेऊ नका. त्यांना फळाची चव ओळखायला शिकवता येतं, आणि त्यासाठी वॉरिक आहे.

वॉरिक एडिसनहून सव्वा ते दीड तास, २८७ नंबरच्या महामार्गावरून उत्तरेला. मास्करची पद्धत मला फार आवडते: गाडी थेट बागेत न्यायची, झाडांमध्ये लावायची, सतरंजी पसरायची आणि डबा उघडायचा. पोळीभाजी, दहीभात, कोशिंबीर, थर्मासातला चहा, सगळं हाताशी. ज्या आईचे गुडघे दुखतात तिच्यासाठी ही सोय मोलाची आहे. इतर बागांत पार्किंगपासून रांगेपर्यंत, रांगेपासून वजनकाट्यापर्यंत चालावं लागतं. इथे ती गाडीशेजारी खुर्चीवर बसून हाताला येईल ते तोडते. म्हणजे हिशोब असा आहे: गुडघ्यांना वॉरिक बरं, पण ज्यांना लांबचा प्रवास सोसत नाही किंवा दर तासाला बाथरूम लागतं त्यांना प्रिन्स्टन. आई-बाबा संकोचाने बोलत नाहीत, म्हणून हे आपणहून विचारा. बागांमध्ये बहुतेक वेळा फिरती शौचालयंच असतात, तेव्हा शेवटच्या पेट्रोल पंपावर थांबूनच पुढे जा.

या भागात न्यू यॉर्कच्या स्वतःच्या जाती चाखायला मिळतात, आणि इथेच मला सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं. कॉर्नेलच्या जिनिव्हा इथल्या संशोधन केंद्राने कॉर्टलंड, १९३२ मध्ये मकाऊन, १९६६ मध्ये एम्पायर आणि १९६८ मध्ये जोनागोल्ड अशा जाती दिल्या. मकाऊन आपल्या दुकानांत क्वचित दिसतं. पांढराशुभ्र गर, आंबटगोड, थोडा मद्यासारखा वास. कॉर्टलंड चिरून ठेवलं तरी लवकर काळं पडत नाही, त्यामुळे कोशिंबिरीला आणि डब्याला उत्तम. मुलांना प्रत्येक जातीचं एकेक फळ कापून द्या, डोळे मिटून ओळखायला लावा. शाळेच्या सहलीत हे कोणी शिकवत नाही.

येताना पाइन आयलंडकडून या. तिथली काळी जमीन आपल्याकडच्या कापसाच्या जमिनीसारखी नाही. हिमनद्यांच्या काळातल्या तळ्याची दलदल उपसून काढलेली, हातात घेतली तर भुसभुशीत. त्या मातीतला कांदा प्रसिद्ध आहे आणि रस्त्याकडेच्या शेतमाल दुकानांत मिळतो. वॉरिक गावात ऑक्टोबरच्या सुरुवातीच्या एका रविवारी ॲपलफेस्ट भरतो. जत्रा हवी असेल तर जरूर जा, पण त्याच दिवशी निवांत तोडणी होईल ही आशा ठेवू नका.

कुठेही गेलात तरी तोडायची रीत एकच. फळ तळव्यात धरून वर उचला आणि हलकं पिळा. देठासकट सुटलं तर तयार. खाली ओढलं की शेजारची फळं गळतात आणि ज्या आखूड डहाळीवर पुढच्या वर्षी फुलं येणार तीही मोडते. लाल रंगावर जाऊ नका, त्यामागचा हिरवा रंग पिवळसर झालाय का ते बघा. बाहेरच्या बाजूची, उन्हातली फळं आधी पिकतात. जमिनीवर पडलेलं मुलांना खाऊ देऊ नका. बागेत हरणं फिरतात. पूर्ण पँट आणि मोजे घालायला लावा, आणि घरी आल्यावर गुडघ्यामागे, मानेवर टिक, म्हणजे गोचीड, आहे का ते तपासा. न्यू जर्सी आणि हडसन खोऱ्यात टिक चावून लाइमचा आजार खरोखर होतो.

खाण्याचं थोडं. बागेत मिळणाऱ्या सायडर डोनटमध्ये (सफरचंदाचा रस घालून तळलेले गोड वडे) सहसा अंडं असतं, त्यामुळे न खाणाऱ्यांना आधी सांगा. नवरात्रीचा उपवास असेल तर फळांवर काम भागतंच. गोड सायडर म्हणजे दारू नव्हे, ताजा गढूळ रस. पण बाटलीवर पाश्चराइज्ड लिहिलंय का ते वाचा, लहान मुलं, गरोदर बायका आणि वयस्कर मंडळी यांना कच्चा रस देऊ नका.

पिशवी घेताना मोह आवरा. पेक म्हणजे साधारण दहा पौंड, हाफ बुशेल त्याच्या दुप्पट. चौघांच्या घराला पेक पुरतं, आणि दुकानापेक्षा हे स्वस्त पडतं अशी समजूत ठेवू नका. मॅकिंटॉश लवकर मऊ पडतं, ते आधी संपवा. फुजी फ्रिजमध्ये महिनोन्‌महिने राहतं. ठेवताना वेगळा कप्पा द्या, कारण सफरचंदातून सुटणाऱ्या इथिलीनने गाजरं कडू होतात आणि पालेभाज्या पिवळ्या पडतात. ऑक्टोबरच्या शेवटी गेलात तर ग्रॅनी स्मिथ थोडी जास्तच घ्या. बारीक फोडी, मीठ, लाल तिखट, मेथीपूड, हिंग-मोहरीची फोडणी: कैरीच्या तात्पुरत्या लोणच्याची जागा ते चांगली भरून काढतं, आणि भिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीत किसून घातलं तर आंबेडाळीचीही.