गोमूत्र अर्काची बाटली आणि आईच्या टाचा

कोल्हापुरात महाद्वार रोडला लागून असलेल्या एका गल्लीतल्या दुकानातून मी जूनमध्ये गोमूत्र अर्काची अर्ध्या लिटरची बाटली आणली. १६० रुपये. घेण्याआधी लोकांचे अभिप्राय शोधले, तर कुणी ‘एकदम भारी’ लिहिलेलं, कुणी ‘वास सहन होत नाही’. त्यातून काही कळलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. दुकानाचं आणि कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण अशा बाटल्या अनेक कंपन्यांच्या मिळतात आणि मला सांगायचंय ते सगळ्यांना लागू आहे.

मी २९ वर्षं कोल्हापुरातल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये टेक्निशियन होते. लघवी तपासणं हे रोजचं काम. त्यामुळं या विषयाची मला किळस नाही.

बाटली आणली आईसाठी. वय ७९, साखर १४ वर्षांपासून. टाचांना अशा भेगा की साडीचा काठ अडकतो. शेजारच्या काकूंनी सांगितलं, अर्क पोटात घ्या आणि टाचांनाही लावा. आईला ते लगेच पटलं. का पटलं, ते आधी सांगते.

आमचं गाव पन्हाळा तालुक्याच्या पश्चिमेला, कासारीच्या खोऱ्यात. भाताचा मुलूख. लावणीच्या दिवसांत आई, चुलती, आत्या दिवसभर चिखलात उभ्या असायच्या. संध्याकाळी पायाच्या बोटांच्या बेचक्या पांढऱ्याफटक, कातडी सोललेली, आत लालभडक. चिखल्या ज्यांनी सोसल्यात त्यांना वेगळं सांगायला नको. बायका बांधाच्या आडोशाला जायच्या आणि आपलीच लघवी पायांवर धरायच्या. घरी येऊन पाय धुवून, पुसून चुलीपुढं शेकायच्या, वर करंजेल चोळायच्या. विळा लागला, ठेच लागली तरी पहिला इलाज हाच. आई अजून सांगते, “पयल्यांदा झोंबायचं, पर रातच्याला झोप लागायची. दुसरं काय व्हतं आमच्याजवळ?”

त्या बायकांना मी अडाणी म्हणणार नाही. भर पावसात, दवाखाना १५ किलोमीटर लांब असताना, चिखलाच्या पाण्यापेक्षा स्वच्छ आणि कोमट असं हाताशी एवढंच होतं. लघवीत साधारण ९५ टक्के पाणी असतं आणि २ टक्क्यांच्या आसपास युरिया. बाकी मीठ, क्रिएटिनिन वगैरे. युरिया कातडीत पाणी धरून ठेवतो, कडक कातडी मऊ करतो. चिखल्यांना मात्र खरा आराम पाय कोरडे करून शेकल्यानं पडत असणार असं मला वाटतं, कारण बेचक्यांतला ओलावा गेल्याशिवाय तिथली बुरशी हटत नाही. पण आईच्या मनात तो आराम लघवीच्या खात्यावर जमा आहे, आणि तो ६० वर्षांचा विश्वास आहे.

पिण्याचाही आमच्या घरात इतिहास आहे. थोरले चुलते शिवांबू, म्हणजे स्वतःची लघवी, घ्यायचे. मोरारजी देसाई १९७७ ते १९७९ पंतप्रधान होते, आणि आपण रोज स्वतःची लघवी पितो हे त्यांनी १९७८ मध्ये अमेरिकन टीव्हीवर उघडपणे सांगितलं होतं. त्यानंतर चुलत्यांना कुणी काही म्हणायची सोय राहिली नाही. मोरारजी ९९ वर्षं जगले, हे ते आम्हाला दर दिवाळीला ऐकवायचे. मोरारजी शाकाहारी होते, दारूला कधी शिवले नाहीत, हे मात्र सांगायचे नाहीत. चुलत्यांकडून एक गोष्ट शिकले ती लॅबमध्ये रोज आठवायची. शिवांबू घेताना पहिली धार सोडायची, शेवटची सोडायची, मधली धरायची. डामर तंत्र या जुन्या ग्रंथातल्या शिवांबू कल्पातच तसं सांगितलंय. कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीसाठी, नमुना घेताना आम्हीही पेशंटला नेमकं हेच सांगायचो, मधली धार आणा. पहिल्या धारेबरोबर मूत्रमार्गाच्या तोंडावरचे जंतू येतात म्हणून. ज्यांनी सूक्ष्मदर्शक पाहिला नव्हता त्यांनी हे कसं हेरलं असेल, याचं मला आजही अप्रूप आहे.

पण लघवी निर्जंतुक असते ही जुनी समजूत आता टिकलेली नाही. मूत्राशयातसुद्धा जंतू राहतात हे गेल्या १०-१५ वर्षांत नीट दिसून आलंय. आणि कल्चरमध्ये एका मिलीलीटरला १ लाखावर वसाहती आल्या की आम्ही संसर्ग लिहायचो. असे रिपोर्ट मी हजारोंनी लिहिलेत. त्यातल्या निम्म्या बायकांना काही जाणवतही नसायचं.

आता बाटलीकडं येते. झाकणाला सील होतं, बॅच नंबर, तारीख, आयुर्वेदिक उत्पादनाचा परवाना क्रमांक सगळं छापलेलं. त्याबद्दल पूर्ण गुण. आतला अर्क पाण्यासारखा स्वच्छ, रंग नाही. झाकण उघडलं की पहिला वास अमोनियाचा, डोळ्यांत जाणारा, आणि मागून गोठ्याचा. चव मी स्वतः घेतली, एक चमचा पाण्यातून. तुरट, जिभेवर थोडा जळजळीतपणा, मग बराच वेळ तोंडात फिनेलसारखी चव. गाईच्या मूत्रात फिनॉलच्या जातीचे वासाचे पदार्थ असतात, त्यांचं ते काम.

घरी माझ्याकडं डिपस्टिकची डबी असतेच, आईची लघवी बघायला. एक पट्टी अर्कात बुडवली. साखर नाही, प्रथिनं नाहीत, पीएच ९ कडं झुकलेला, आणि विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या तुलनेत जडपणा, १.००० म्हणजे साध्या पाण्याएवढं. माणसाच्या लघवीचं ते साधारण १.००५ ते १.०३० असतं. यावरून क्षार यात फारसे नाहीत असं दिसतं. युरिया ही पट्टी दाखवत नाही, पण विचार केला तर तोही नसणार हे उघड आहे. अर्क म्हणजे गोमूत्र उकळून त्याची वाफ थंड करून गोळा केलेलं पाणी. युरिया वाफेबरोबर वर जात नाही. काही तापून अमोनिया होतो, बाकीचा क्षारांबरोबर भांड्याच्या तळाशी राहतो. तळाला उरलेलं आटवून घनवटी, म्हणजे गोळ्या, करतात. वर येतं ते पाणी, अमोनिया आणि उडून जाणारे वासाचे पदार्थ.

म्हणजे ज्या युरियामुळं टाचांना काही फायदा व्हायचा, तोच या बाटलीत नाही. आईच्या बांधावरच्या इलाजात तो होता. १६० रुपयांच्या अर्कात तो गाळताना मागं राहून गेला. हे कळलं तेव्हा मला वाईट वाटलं, कारण आई रोज रात्री कापसानं अर्क टाचांना लावत होती आणि सकाळी बोटं फिरवून बघत होती, मऊ झाल्या का म्हणून. नव्हत्या झाल्या. अमोनियानं उलट जास्त कोरड्या पडल्या.

अर्काची एक बाजू खरी चांगली आहे, तीही सांगते. उकळल्यामुळं जंतू मरतात. बरेलीच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेतल्या तपासणीत ताज्या गोमूत्रात किमान १४ प्रकारचे अपायकारक जिवाणू सापडल्याचं २०२३ मध्ये पुढं आलं. जनावरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसही पसरतो, भातशेतीच्या भागात तर तो नवा नाही. तेव्हा गोठ्यात जाऊन तांब्या धरणाऱ्यांपेक्षा बाटलीवाले तेवढे सुरक्षित.

बाटलीबरोबर दुकानदारानं एक पत्रक दिलं. १०८ रोगांची यादी. मधुमेह, कर्करोग, लकवा, मूत्रपिंड, सगळं. बाटलीवर यातला एक शब्द नाही, कारण १९५४ च्या औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यानं मधुमेह किंवा कर्करोग बरा करतो अशी जाहिरात करता येत नाही. कायदा बाटलीवर पाळला आणि सुट्या कागदावर मोडला. पत्रकात ‘अमेरिकेचं पेटंट मिळालेलं औषध’ असंही छापलंय. ते पेटंट खरं आहे, २००२ चं, क्रमांक ६४१००५९. त्यात गोमूत्राचा अर्क प्रतिजैविकाबरोबर दिला तर त्याचा परिणाम वाढतो असा दावा आहे. साखर उतरते असं त्यात कुठंही म्हटलेलं नाही.

लघवीतून औषधं होतच नाहीत असं माझं म्हणणं नाही. रक्ताची गुठळी विरघळवणारं युरोकायनेज माणसाच्या लघवीतूनच काढलं गेलं. पण ते शुद्ध करून, मोजून, सलाईनमधून देतात.

आता मुख्य तक्रार. दुकानात आई माझ्याबरोबर होती. दुकानदार तिला म्हणाला, “आज्जी, सकाळी अनशापोटी चार चमचे घ्या, तेवढंच पाणी. गोळ्या हळूहळू सुटतील बघा.” मी पैसे देत होते, हसून सोडून दिलं. सोडायला नको होतं. ‘हळूहळू’ हा शब्द आईनं ऐकलाच नाही. दुसऱ्या दिवसापासून तिनं मेटफॉर्मिन, म्हणजे साखरेची गोळी, बंद केली. मी गोळ्या हातात द्यायचे, ती तोंडापर्यंत न्यायची आणि मी वळले की पदरात. नवव्या दिवशी तांदळाच्या डब्यात माप घातलं तर वर गोळ्या आल्या. मोजल्या, १७ होत्या.

त्याच संध्याकाळी तिची लघवी तपासली. पट्टीवरचा साखरेचा चौकोन गडद तपकिरी. मला लॅबमधले सुरुवातीचे दिवस आठवले. तेव्हा आमच्याकडं पट्ट्या नव्हत्या, ५ मिली बेनेडिक्ट द्रावणात लघवीचे आठ थेंब टाकून उकळायचो. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, नारिंगी करत विटेसारखं लाल झालं की भरपूर. आईची लघवी त्या दिवशी उकळली असती तर वीट झाली असती. रक्तातली साखर बघितली, ३१२. त्याआधी महिनाभर ती १४० च्या आसपास होती.

रक्तात साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडाला ती अडवता येत नाही, लघवीत सांडते. मधुमेह हे नावच त्यावरून पडलंय. गावाकडं लघवीला मुंग्या लागल्या की म्हातारी माणसं ओळखायची. ज्यांना साखर आहे आणि कुणी शिवांबू सुचवतंय, त्यांनी एवढा विचार करावा, की शरीर धडपडून जी साखर बाहेर टाकतंय तीच आपण परत आत घेणार.

मी आईला बोलले. नको इतकं बोलले. ती भिंतीकडं तोंड करून म्हणाली, “तुझ्या गोळ्यांनी पोटात डचमळतंय. गाईचं घेतलं तर मला बरं वाटतंय. मी काय लहान हाय व्हय?” तेव्हा कळलं की मेटफॉर्मिननं तिला मळमळतं हे तिनं आम्हाला कधी सांगितलंच नव्हतं. डॉक्टरांनी गोळी बदलून जेवणाबरोबर घ्यायची, हळूहळू विरघळणारी दिली. मळमळ गेली. १४ वर्षांत हा प्रश्न तिला आम्ही कुणी विचारला नव्हता, आणि दुकानदारानं निदान तिच्याशी पाच मिनिटं बोलून घेतलं होतं. हे मला लागलंय.

डॉक्टरांनी पायही बघितले. डाव्या टाचेच्या एका भेगेत आत पू होता आणि तिला दुखतच नव्हतं. साखरेनं पायांची जाणीव कमी होते ती अशी. आठ दिवस ड्रेसिंग झालं. जखम भरल्यावर त्यांनी युरियाचं २० टक्क्यांचं मलम दिलं, रात्री टाचांना लावून मोजे घालायचे, बोटांच्या बेचक्यांत लावायचं नाही, उघड्या जखमेवर नाही. आमच्या मेडिकलमध्ये ट्यूब १९० रुपयांना. हा युरिया कुणाच्या लघवीतला नाही, कारखान्यात केलेला. १८२८ मध्ये व्होलर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं पहिल्यांदा तो प्रयोगशाळेत बनवला होता. तीन आठवड्यांत साडीचा काठ अडकायचा थांबला. आईला मी सांगितलं की बांधावर पायाला लावायचीस त्यातलाच हा गुण आहे, फक्त दहापट. तिनं ट्यूब हुंगून बघितली. “वास न्हाई,” म्हणाली, आणि तेव्हापासून रोज स्वतः लावते.

गुण द्यायचे तर बांधणी आणि स्वच्छतेला पाचपैकी चार. टाचांसाठी शून्य. साखरेसाठी शून्य, आणि त्या पत्रकाला शून्याच्याही खाली काही असेल तर ते. शेतीसाठी गोमूत्र हवं असेल तर बाटली घेऊच नका. माझा भाऊ गावी पिकांसाठी जीवामृत करतो. २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. त्याला गोठ्यातलं ताजं, युरियासकटचं गोमूत्र लागतं. गाळलेला अर्क तिथं उपयोगाचा नाही.

उरलेली बाटली मी फेकली नाही. आईनं ती देवघराच्या कट्ट्याखाली ठेवलीय. सुतक फिटलं की, अमावास्येला, ती उंबऱ्यावर आणि दारात चार थेंब शिंपडते. माझी त्याला हरकत नाही, मीही लहानपणापासून तो वास घरात घेत आलेय. गोळ्यांची डबी आता तांदळाजवळ ठेवत नाही. सकाळी जेवणाबरोबर आई गोळी जिभेवर ठेवते, पाणी पिते, आणि मग तोंड उघडून मला दाखवते.