चांदी, चिनीमाती की लाकूड? लिलावासाठी गाडीत काय भरावं

चार दिवस गाडी काढून गावोगावची जुन्या वस्तूंची दुकानं पालथी घालायची आणि शेवटी सगळा माल लिलावात काढायचा, असा बेत असेल तर आधी हिशेब मांडा. समजा, एका वस्तूसाठी एकूण १५० मोजायला कुणी तयार आहे. लिलावघर खरेदीदाराकडून बोलीवर २५ टक्के जादा घेत असेल, तर तो १२० च्या पुढे बोलणार नाही. त्या १२० मधून तुमच्याकडचं १५ टक्के कमिशन गेलं की हातात १०२. वस्तू १०० ला घेतली असेल तर पेट्रोलचे पैसेही निघाले नाहीत. दर प्रत्येक लिलावघराचे वेगळे असतात, पण कात्री बहुधा दोन्हीकडून लागते. म्हणून ‘किती स्वस्तात मिळतंय’ याआधी ‘अगदीच पडलं तर किती येतील’ हे विचारावं.

या प्रश्नावर चांदी सरळ जिंकते. हौशी गिऱ्हाईक आलं नाही तरी मोडीचा भाव असतोच. शिवाय ब्रिटिश चांदी स्वतःची जन्मपत्रिका अंगावर घेऊन फिरते: चालता सिंह म्हणजे ९२.५ टक्के शुद्धता, जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, बिबट्याचं तोंड म्हणजे लंडन आणि शेजारच्या अक्षरावरून वर्ष. ‘ईपीएनएस’ अशी अक्षरं दिसली तर तो नुसता मुलामा. मोडीचं गणित विसरा. फसगत वजनातही होते. मेणबत्तीदाण्या आणि सुऱ्यांच्या मुठी बऱ्याचदा आतून राळेने किंवा प्लास्टरने भरलेल्या असतात, मग तराजू खोटं बोलतो. पृष्ठभागावर तोंडाची वाफ सोडून पाहा. डाख दिलेली किंवा जुनी नावं घासून काढलेली जागा वेगळी उमटते. चहादाणीच्या दांड्यात उष्णता अडवणाऱ्या पांढऱ्या चकत्या असतील तर थांबा. त्या हस्तिदंताच्या निघाल्या तर काही देशांत विक्रीच अडते.

चिनीमातीत नफ्याची उडी मोठी, पण खाली जाळी नाही. टवका उडाला की भाव निम्म्याच्याही खाली येऊ शकतो. नखाने टिचकी मारा: खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर कुठेतरी तडा आहे. अतिनील टॉर्चखाली बरीचशी डागडुजी वेगळी चमकते, म्हणून तो खिशात असावाच. खुणांवर मात्र भिस्त नको. माइसेन या जर्मन पोर्सेलिन कारखान्याच्या दोन तलवारींची नक्कल इतक्यांनी केली आहे की ती खूण मला तरी पुरावा वाटत नाही. त्यापेक्षा तळाचा ‘इंग्लंड’ हा साधा शब्द कामाचा. अमेरिकेच्या १८९१ पासूनच्या नियमाने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं, त्यामुळे असा शब्द असलेली बशी बहुधा त्यानंतरची.

लाकडी सामान पाहायला सर्वांत सुंदर आणि या प्रवासासाठी सर्वांत वाईट. गडद रंगाच्या जुन्या फर्निचरचे भाव गेल्या पंचवीसएक वर्षांत खूप उतरले आहेत. घ्यायचंच झालं तर खण बाहेर ओढा: हाताने कापलेले सांध्याचे दाते थोडे वेडेवाकडे असतात, यंत्राचे एकसारखे. वरचा आणि खालचा भाग मुळात एकाच कपाटाचे आहेत का, हे मागच्या फळ्या पाहून ताडा. कीड लागलेल्या भोकांतून ताजा भुसा पडत असेल तर घासाघीससुद्धा करू नका.

लिलाव कोणता, यावरही बरंच ठरतं. गावातल्या सर्वसाधारण लिलावात चांदी चालून जाते. चांगल्या पोर्सेलिनला जाणकारांचा खास लिलाव लागतो आणि त्याची तारीख कधीकधी महिनोन्‌महिने दूर असते. चौथ्याच दिवशी हिशेब मिटवायचा असेल तर पहिल्या फेरीला निम्म्याहून अधिक पैसे चांदीत घाला, उरलेल्यात चिनीमातीचे एक-दोन निर्दोष नग घ्या आणि त्यांना राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली विकायचं नाही अशी किंमत, लावा. कपाटं तशीच राहू देत. ती विकली गेली नाहीत तर परत आणायला टेम्पो लागतो.