जंक्शनातले रूळ बदलताना: छोटे छोटे ब्लॉक की एकदाच मोठा?

कल्याणसारख्या जंक्शनातला क्रॉसओव्हर, म्हणजे गाडीला एका मार्गावरून शेजारच्या मार्गावर नेणारा जोडरूळ, बदलायचा तर दोन वाटा असतात. रात्रीच्या ब्लॉकमध्ये (कामासाठी गाड्या थांबवून मार्ग बंद ठेवतात त्या वेळेत) आणि रविवारच्या मेगाब्लॉकमध्ये थोडं थोडं काम पुढे न्यायचं, किंवा दोन-तीन दिवस मार्ग सलग बंद ठेवून एकदाच उरकायचं. प्रवासी संघटनेच्या बैठकीत किंवा रेल्वेच्या सल्लागार समितीत तुम्हाला यावर मत द्यायचं असेल, तर माझं मत आधीच सांगतो. देखभालीसाठी छोटे ब्लॉक हवेत, पण ते ठरल्या दिवशी आणि पूर्ण वेळ मिळायला हवेत. पॉइंट (गाडीची दिशा बदलणारे हलते रूळ) आणि क्रॉसिंग (रूळ एकमेकांना छेदतात तो भाग) मुळापासून बदलायचं असेल, तर सलग मोठा ब्लॉकच बरा.

रात्रीचा ब्लॉक कागदावर तीन तासांचा दिसतो. पण शेवटची लोकल गेली की लगेच रुळाला हात लावता येत नाही. कंट्रोलकडून (गाड्यांच्या नियंत्रण कक्षाकडून) ब्लॉक मिळाल्याची खात्री करायची, ओव्हरहेड वायरमधला 25 हजार व्होल्टचा पुरवठा बंद करून घ्यायचा, अर्थिंग करायचं (वायर जमिनीला जोडून उरलेली वीज उतरवायची) आणि मगच गँगने कामाला लागायचं. पहाटे हेच सगळं उलट क्रमाने. प्रत्यक्ष कामाला दीड-दोन तास उरले तरी नशीब. थर्मिट वेल्डिंगचा एकच सांधा घ्या. साचा बसवायचा, रुळाची टोकं तापवायची, वितळलेल्या धातूचा रस ओतायचा, तो थंड होऊ द्यायचा, वरचा भाग छाटून घासायचा. यात तासभर सहज जातो. आणि 1 इन 12चं (हा क्रॉसिंगच्या कोनाचा आकडा) एक टर्नआउट, म्हणजे पॉइंट आणि क्रॉसिंगसह पूर्ण फाटा, सुमारे 40 मीटर लांब असतं. त्याखाली 83 काँक्रीट स्लीपर, तेही एकाच लांबीचे नाहीत, प्रत्येकाची जागा ठरलेली. एवढं काम तुकड्यातुकड्याने केलं तर कित्येक आठवडे अर्धं जुनं, अर्धं नवं अशा रुळावरून गाड्या जातात. नवी खडी बसलेली नसते, म्हणून सुरुवातीला ताशी 20 किमीची वेगमर्यादा लागते, आणि पॅकिंगच्या (स्लीपरखाली खडी ठोकून बसवण्याच्या) फेऱ्या होतील तसतशी ती वाढवत नेतात.

या वेगमर्यादेचा हिशेब कुणी मांडत नाही. मधल्या एखाद्या सरळ मार्गावर ती लागली तर गाडीची दोन मिनिटं जातात. कल्याणला मात्र कसारा आणि कर्जत या दोन्ही दिशांच्या लोकल, मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या त्याच तोंडातून एकमेकींना छेद देत जातात. एक गाडी हळू गेली की मागची सिग्नलला उभी, तिच्यामागची त्याच्याही मागे. मेगाब्लॉकची बातमी येते, या रोजच्या दहा-पंधरा मिनिटांची येत नाही. शिवाय रात्रीही इथे लांब पल्ल्याच्या गाड्या चालूच असतात, त्यामुळे मोकळी वेळ मिळणंच कठीण.

म्हणून छोटे ब्लॉक वाईट, असं मात्र नाही. टर्नआउटखालची खडी युनिमॅट मशीनने ठोकून घेणं, सैल फिटिंग आवळणं, झिजलेल्या क्रॉसिंगच्या नाकावर वेल्डिंगचा थर चढवणं, एखादा तुटका स्लीपर बदलणं, ही कामं सतत आणि थोडी थोडीच व्हायला हवीत. सिग्नलवाले टंग रेल (पॉइंटचा हलता रूळ) आणि स्टॉक रेल (त्याच्या शेजारचा स्थिर रूळ) यांच्यामध्ये 5 मिमीची पट्टी घालून पॉइंट फिरवतात. तेवढ्या फटीतही पॉइंट लॉक झाला, तर तो धोक्याचा. ही तपासणी वर्षातून एकदा येणाऱ्या मोठ्या ब्लॉकची वाट पाहू शकत नाही.

छोट्या ब्लॉकचं खरं दुखणं म्हणजे तो सहज कापला जातो. गाडी उशिरा आली की तीन तासांचे दोन होतात, कधी ब्लॉकच रद्द. 19 ऑगस्ट 2017ला उत्तर प्रदेशात खतौलीजवळ ब्लॉक मिळालेला नसताना रुळाचं काम सुरू होतं. उत्कल एक्स्प्रेस वेगात तिथे आली आणि वीसहून अधिक माणसं गेली. ब्लॉक नाकारल्याने काम टळत नाही. ते चोरून केलं जातं.

आता मोठा ब्लॉक. 30 मे 2024च्या मध्यरात्रीपासून 2 जूनच्या दुपारपर्यंत ठाण्यात डाउन जलद मार्ग 63 तास बंद होता. प्लॅटफॉर्म 5 आणि 6 रुंद करण्यासाठी रूळच बाजूला सरकवायचे होते. त्याच दिवसांत सीएसएमटीला प्लॅटफॉर्म 10 आणि 11 चोवीस डब्यांसाठी वाढवण्याचं 36 तासांचं काम झालं. तीन दिवसांत 930 लोकल फेऱ्या रद्द झाल्या. लोकांचे हाल झाले, यात वाद नाही. पण रूळ सरकवण्याचं काम रात्री तीन-तीन तासांत होत नाही. पहाटे रूळ पुन्हा गाडीखाली द्यायचा असतो.

टर्नआउटलाही हेच लागू. ते बाजूच्या मोकळ्या जागेत आधीच जोडून ठेवता येतं. ब्लॉकमध्ये जुनं उचलायचं, खाली चिखल झालेली खडी पार तळापर्यंत काढायची, पाण्याला वाट करून द्यायची, नवं बसवायचं, मशीनने ठोकायचं. पाण्याची वाट हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. तुकड्यांच्या कामात तोच राहून जातो आणि पहिल्याच पावसाळ्यात नव्या रुळाखाली पुन्हा चिखल वर येतो.

धोका दोन्हीकडे आहे. लंडनच्या क्लॅपहॅम जंक्शनला सिग्नलच्या वायरिंगचं काम सुट्टीच्या दिवसांत तुकड्यातुकड्याने चाललं होतं. तंत्रज्ञाला तेरा आठवड्यांत एकच सुट्टी मिळाली होती. एक जुनी वायर मोकळी राहिली आणि 12 डिसेंबर 1988ला 35 जण मृत्युमुखी पडले. उलट ऑगस्ट 2017मध्ये वॉटर्लू स्टेशनचे दहा प्लॅटफॉर्म तीन आठवडे बंद ठेवून काम चाललं असताना पॉइंट चुकीच्या स्थितीत राहिला आणि प्रवासी गाडी कामाच्या गाडीवर घासली. तिथेही मूळ तात्पुरत्या वायरिंगमध्येच होतं. मार्ग जास्त वेळ बंद ठेवला म्हणून तपासणी आपोआप नीट होत नाही.

म्हणून मोठ्या ब्लॉकला होकार देताना अटी लिहून घ्या. तारीख किमान महिनाभर आधी जाहीर व्हावी. परीक्षा आणि सणांचे दिवस टाळावेत. एसटीच्या आणि पालिकेच्या जादा बस पहाटेपासून असाव्यात, कारण घरकाम करणाऱ्या बायकांना आणि भाजीवाल्यांना घरून काम करता येत नाही. सिग्नलच्या चाचणीचे तास वेगळे राखून ठेवावेत आणि रुळाचं काम लांबलं तरी त्यांना कात्री लागू नये. काम करणाऱ्यांच्या पाळ्या आणि विश्रांती आराखड्यातच दिसावी. आणि मार्ग खुला होताना वेग किती असेल, तो पूर्ववत कधी होईल, याची तारीखही लेखी मागा.