कोल्हापुरातली टीम: एका छताखाली, हायब्रिड की पूर्ण रिमोट?

मुंबई-पुण्यात घरून कामाची बाजू मांडताना पहिला मुद्दा प्रवासाचा येतो. रोजचे दोन-तीन तास वाचतात म्हटलं की पुढची चर्चाच थांबते. कोल्हापुरात हा मुद्दा फारसा टिकत नाही. कळंब्याहून राजारामपुरीला दुचाकीवर अर्ध्या तासाच्या आत पोचता येतं आणि दुपारी घरी जेवून परत येणारी माणसं इथं आजही आहेत. त्यामुळे तिथलं उत्तर उचलून इथं आणलं तर ते चुकण्याचीच शक्यता जास्त.

इथली अडचण वेगळी आहे. केआयटी हे अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा शिवाजी विद्यापीठातून बाहेर पडलेली शिकाऊ मुलं गावात मिळतात, पण सात-आठ वर्षं काम केलेली माणसं पुण्यात नाहीतर बंगळूरमध्ये स्थिरावलेली असतात. त्यातली बरीच आपल्याच जिल्ह्यातली. मात्र मुलांची शाळा, जोडीदाराची नोकरी आणि फ्लॅटचा हप्ता यामुळे त्यांना परत येता येत नाही. पुणे इथून साधारण २३० किलोमीटर, रोजच्या येण्या-जाण्याचा प्रश्नच नाही. अनुभवी माणूस तिकडे आणि शिकणारा इकडे, हा तिढा एका छताखालच्या ऑफिसनं, हायब्रिडनं (काही जण ऑफिसात, काही बाहेरून) की पूर्ण रिमोटनं (सगळेच आपापल्या ठिकाणाहून) किती सुटतो, त्यावर निवड करावी असं आमचं मत आहे.

हा आढावा आठ ते चाळीस माणसांच्या कंपनीसाठी आहे. काम सॉफ्टवेअरचं असो, डिझाईनचं, हिशेबाचं किंवा शिरोली-गोकुळ शिरगावच्या कारखान्यांसाठी ड्रॉइंग काढण्याचं. यंत्रापाशी उभं राहून करायच्या कामाला यातलं काही लागू नाही.

शिकाऊ मुलं किती, हे आधी मोजा

एका छताखालच्या ऑफिसची खरी ताकद शिकवण्यात आहे. वस्ताद कुस्तीच्या हौदात उतरल्याशिवाय पठ्ठ्याला डाव कळत नाही, नुसतं काठावरून सांगून भागत नाही. कोडचंही तसंच. शेजारी बसलेला सीनियर खुर्ची सरकवून दोन मिनिटांत चूक दाखवतो. तीच चूक चॅटवर विचारायची तर मुलगा आधी अर्धा तास ‘विचारू का नको’ यातच घालवतो.

याला अभ्यासाचा आधार आहे. एमआयटीच्या थॉमस ॲलन यांनी १९७० च्या दशकात अभियंत्यांची बसण्याची जागा आणि बोलण्याची वारंवारता मोजली. अंतर वाढेल तसं बोलणं झपाट्यानं कमी होतं, आणि पन्नासेक मीटरच्या पुढे नियमित बोलणं जवळजवळ संपतं, असं त्यांना दिसलं. म्हणजे दुसऱ्या मजल्यावर बसलेला माणूसही अर्धा रिमोटच. अलीकडे अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीतल्या सॉफ्टवेअर अभियंत्यांवर झालेल्या अभ्यासात आढळलं की एकाच इमारतीत बसणाऱ्यांना आपल्या कोडवर जास्त अभिप्राय मिळतात आणि त्याचा सर्वाधिक फायदा नवख्यांना होतो. त्याची किंमत सीनियर मोजतात, कारण शिकवण्यात त्यांचं स्वतःचं काम मागं पडतं. त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट हायब्रिड करणाऱ्यानं लक्षात ठेवावी: टीममधला एक माणूस जरी दूर बसत असला, तरी जवळ बसणाऱ्यांचं आपसातलं अभिप्राय देणंही घटतं.

आता दुसरी बाजू. चीनमधल्या ट्रिप डॉट कॉम या कंपनीनं दोन वेळा नीट प्रयोग केले. पहिल्यात शांघायच्या कॉल सेंटरमधली माणसं आठवड्याचे चार दिवस घरून काम करत होती. नऊ महिन्यांत त्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं, पण एकटेपणाही वाढला आणि प्रयोग संपल्यावर जवळपास निम्म्यांनी ऑफिसला परत येणं पसंत केलं. दुसऱ्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. त्यात १,६१२ कर्मचारी होते, घरून काम आठवड्यात दोन दिवस. कामाच्या मूल्यमापनात आणि बढत्यांत फरक पडला नाही, नोकरी सोडण्याचं प्रमाण मात्र एक तृतीयांशानं घटलं. हा आकडा पाहून हुरळून जाण्याआधी एक तपशील पाहा: ज्यांचा प्रवास लांबचा होता, त्यांच्यात हा फायदा ठळक होता. त्यामुळे राजारामपुरीतल्या ऑफिसला जवळच्या टाकाळ्याहून येणाऱ्या मुलाला दोन दिवस घरून काम दिलंत म्हणून तो टिकेल असं समजू नका. इचलकरंजी, जयसिंगपूर किंवा गडहिंग्लजहून रोज ये-जा करणाऱ्याला मात्र तेच दोन दिवस मोलाचे वाटतील.

आमचा ठोकताळा असा: दोन वर्षांपेक्षा कमी अनुभवाची माणसं निम्म्याहून जास्त असतील, तर पूर्ण रिमोटच्या वाटेला जाऊ नका.

भाडं वाचेल म्हणून रिमोट? आधी बेरीज करा

वीस जणांची टीम धरू. ऑफिस केलं तर सगळे कोल्हापुरात, रिमोट केलं तर त्यातले सहा पुण्यात. खालचे दर फक्त हिशोबासाठी घेतले आहेत, तिथं तुमचे आकडे घाला.

ऑफिस: माणशी ७० चौरस फूट म्हणजे १,४०० चौरस फूट. ३० रुपये दरानं महिन्याला ४२,००० रुपये, वर्षाला ५ लाख ४ हजार. वीज, सफाई, इंटरनेट यांचे महिन्याला २०,००० धरले तर वर्षाचे २ लाख ४० हजार. एकूण ७ लाख ४४ हजार.

पूर्ण रिमोट: माणशी इंटरनेट भत्ता महिन्याला १,०००, वर्षाचे २ लाख ४० हजार. वर्षातून चार वेळा तीन-तीन दिवस सगळ्यांना एकत्र आणायचं, तर पुण्याच्या सहा जणांचा दर भेटीला माणशी प्रवास १,५०० आणि राहणं-जेवण ९,००० प्रमाणे वर्षाचे २ लाख ५२ हजार. बारा दिवसांचा हॉल आणि सगळ्यांचं दुपारचं जेवण दिवसाला ८,००० प्रमाणे ९६ हजार. एकूण ५ लाख ८८ हजार.

फरक १ लाख ५६ हजारांचा, म्हणजे माणशी महिन्याला ६५० रुपये. खुर्ची, मॉनिटर, हेडसेट दोन्हीकडे लागतातच. मुंबईच्या भाड्यात हा फरक फार मोठा दिसेल, कोल्हापुरात तो एवढाच. भाडं वाचवायला रिमोट झालेली कंपनी भेटींचा खर्च पहिल्याच मंदीत कापते, आणि मग वर्षभरात पुण्याची माणसं फक्त पगारापुरती उरतात. पुण्याचा अनुभवी माणूस मिळावा म्हणून रिमोट करत असाल तर तो खर्च त्या माणसाच्या खात्यावर टाकून पाहा, निर्णय सोपा होतो.

हायब्रिड: सगळ्यात जास्त निवडलं जाणारं, सगळ्यात जास्त बिघडणारं

हायब्रिड बहुतेक ठिकाणी कुणी ठरवून करत नाही, ते आपोआप होतं. चौदा जण ऑफिसात, सहा पडद्यावर. मीटिंग संपते, लॅपटॉप मिटतो आणि खरी चर्चा चहाच्या गाड्यावर होते. तिथं ठरलेलं पुण्याच्या माणसाला चार दिवसांनी, तेही अर्धवट कळतं. त्यानं तोवर जुन्या पद्धतीनं काम करून ठेवलेलं असतं. ते पुन्हा करावं लागतं, दोन्हीकडे चिडचिड होते आणि ‘रिमोटवाल्यांना काही माहितीच नसतं’ असा शिक्का बसतो. चूक त्या माणसाची नसते. निर्णय कुठंच लिहिला गेला नाही, हे खरं कारण असतं.

म्हणून हायब्रिड निवडलंत तर कंपनी सगळे रिमोट आहेत असं धरून चालवावी लागते. त्यासाठी लागणाऱ्या गोष्टी कष्टाच्या आहेत, पण अवघड नाहीत.

एक जण पडद्यावर असेल तर सगळे पडद्यावर. ऑफिसातलेही आपापल्या लॅपटॉपवर, आपापल्या हेडसेटसह. एका खोलीत दोन लॅपटॉपचे स्पीकर आणि माइक एकदम चालू राहिले की आवाज घुमतो आणि शिट्टी वाजते. तेव्हा हेडसेट नसेल त्यानं दोन्ही बंद ठेवायचे. कॉन्फरन्स रूमच्या कोपऱ्यात ठेवलेल्या एका माइकवर आठ जणांचं बोलणं ऐकायला लावणं म्हणजे पलीकडच्याला मीटिंगबाहेर काढणंच.

निर्णयाची नोंदवही ठेवा. प्रत्येक निर्णयाला पाच ओळी: तारीख, काय ठरलं, का ठरलं, कोणता पर्याय सोडला आणि का, जबाबदारी कुणाची. चोवीस तासांत लिहायचं. गाड्यावर ठरलं तरी चालेल, पण नोंद होईपर्यंत ते ठरलंच नाही असं मानायचं. यातली चौथी ओळ लोक गाळतात आणि सहा महिन्यांनी तोच सोडलेला पर्याय नवी कल्पना म्हणून पुन्हा मीटिंगमध्ये येतो.

कामाचं बोलणं खासगी चॅटवर नको. प्रकल्पाला एक ग्रुप, सगळं तिथं. मराठीत लिहा, इंग्रजीत लिहा, मिसळून लिहा, पण लिहा. उत्तराची मुदतही ठरवा: ग्रुपवर चार तास, ईमेलला एक दिवस, घाईचं असेल तर थेट फोन. मुदत ठरलेली नसेल तर प्रत्येक संदेश घाईचा वाटतो आणि कुणाचंच सलग काम होत नाही.

सगळ्यांनी हजर असण्याची समान वेळ चार-पाच तासांची पुरते, उदाहरणार्थ ११ ते ४. लंडनचा क्लायंट असेल तर उन्हाळ्यात आपण त्यांच्या साडेचार तास पुढं असतो, हिवाळ्यात साडेपाच. त्यांचे सकाळचे साडेनऊ म्हणजे आपले २ किंवा ३. न्यूयॉर्कसाठी हाच फरक साडेनऊ आणि साडेदहा तासांचा, म्हणून तिथं संध्याकाळची पाळी आळीपाळीनं वाटून घ्यावी लागते. एकाच माणसावर ती कायमची टाकली तर तो वर्षभरात जातो.

आणि टीमप्रमुख पुण्यात असेल, तर शिकाऊ मुलांसाठी कोल्हापुरात निदान एक मधला अनुभवी माणूस बसलाच पाहिजे. हे जमणार नसेल तर हायब्रिड पुढं ढकला.

पूर्ण रिमोट कुणाला शोभतं

सगळे अनुभवी, कामाचे तुकडे स्वच्छ वेगळे आणि लिहिण्याची सवय असलेली माणसं, असं असेल तर पूर्ण रिमोट हायब्रिडपेक्षा न्याय्य ठरतं. कारण चहाचा गाडाच नसतो, सगळे सारखेच दूर. गिटलॅब ही कंपनी मुख्यालयाशिवाय चालते आणि आपली सगळी कार्यपद्धती जाहीर हँडबुकमध्ये लिहून ठेवते. एवढं लिहिणं तुम्हाला लागणार नाही. तीसेक पानं पुरतात: रजा कशी मागायची, कोड कोण तपासणार, क्लायंट चिडला तर पहिला फोन कुणी करायचा.

हळूहळू होणारं नुकसान मात्र ओळखून असा. मायक्रोसॉफ्टनं २०२० मधल्या आपल्या ६१,१८२ अमेरिकी कर्मचाऱ्यांच्या संपर्काचा अभ्यास केला. घरून काम सुरू झाल्यावर माणसं आपापल्या गटात जास्त बंद झाली, इतर गटांशी धागे कमी झाले. छोट्या कंपनीत हे असं दिसतं: डिझाईनच्या मुलीला टेस्टिंगच्या मुलाचं नाव ठाऊक असतं, स्वभाव ठाऊक नसतो. म्हणून दर पंधरवड्याला वेगळ्या गटातल्या दोघांना एक छोटं काम जोडीनं द्या.

स्क्रीनचे फोटो काढणारी, माउसची हालचाल मोजणारी सॉफ्टवेअर लावू नका. ती हात मोजतात, काम मोजत नाहीत. चांगली माणसं अपमान समजून जातात आणि उरलेली माउस हलवायला शिकतात. त्याऐवजी शुक्रवारी प्रत्येकानं लिहायचं: काय पुरं झालं, कुठं अडलं, पुढच्या आठवड्यात काय. आणि दर आठवड्याला प्रमुखानं प्रत्येकाशी अर्धा तास एकट्यानं बोलायचं. सात-आठ माणसांपलीकडे हे एका प्रमुखाला झेपत नाही.

एकत्र भेटी: केव्हा नको

ऑनलाइन हाउजीनं संस्कृती तयार होत नाही. ती तयार होते कुणाची चूक झाली तेव्हा बाकीचे कसे वागले यातून, आणि प्रत्यक्ष भेटीतून. नव्या माणसाचे पहिले दोन आठवडे कोल्हापुरातच ठेवा, तो कुठलाही असो. तिमाही भेटीत पहिला दिवस झालेल्या चुका आणि अडकलेल्या कामांसाठी, दुसरा पुढच्या तिमाहीसाठी, तिसरा मोकळा. तिन्ही दिवस सादरीकरणांनी भरले तर माणसं परत जाताना एकमेकांना तेवढीच अनोळखी असतात. संध्याकाळी तांबड्या-पांढऱ्याचं जेवण आणि रंकाळ्यावरची एक चक्कर पुरे.

तारखा जपून निवडा. जुलै-ऑगस्ट नको, पूर येऊ शकतो. गणेश विसर्जनाची मिरवणूक चोवीस तासांच्या पुढं जाते, त्या दोन दिवसांत शहरातून हलणं मुश्कील. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाची गर्दी, खोल्या मिळत नाहीत. चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा. जानेवारीचा शेवट, मार्चचा पहिला पंधरवडा, जूनची सुरुवात आणि नोव्हेंबरचा शेवट सोयीचे.

पूर आणि वळीव

२०१९ आणि २०२१, दोन्ही वर्षी पुराच्या पाण्यामुळे महामार्ग शिरोलीजवळ अनेक दिवस बंद होता. अशा आठवड्यात एका छताखालचं ऑफिस पूर्ण थांबतं, विशेषतः ते व्हीनस कॉर्नर किंवा शाहूपुरीच्या सखल भागात असेल तर. पूर्ण रिमोटमध्येही कोल्हापुरातली माणसं वीज आणि नेटवर्कशिवाय अडकतातच. इथं पुण्यात काही माणसं असलेली टीम सरस ठरते, मग ती हायब्रिड असो की रिमोट, कारण ती माणसं पाण्यापासून २३० किलोमीटरवर असतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पाणी ३९ ला पोचलं की लॅपटॉप घरी, आणि क्लायंटच्या कामाचे पासवर्ड व कालपर्यंतची नोंद पुण्यातल्या एकाकडे, हा नियम आधीच लिहून ठेवा.

एप्रिल-मेच्या वळवात तासाभराची वीज जाणं नेहमीचं. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला की नेट दोन-तीन तास चालतं. घेताना आधी राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा, जुळले नाहीत तर राउटर सारखा बंद-चालू होत राहतो. ग्रुप व्हिडिओला दोन्ही बाजूंनी ३ ते ४ एमबीपीएस लागतात, म्हणून ‘मोठा प्लॅन’ घेण्यापेक्षा अपलोडचा वेग तपासणं महत्त्वाचं.

कागदपत्रांचं थोडक्यात: दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याखाली अंतर्गत समिती बंधनकारक आहे, टीम घरी बसते म्हणून सुटका नाही. निपाणी-बेळगावचा माणूस घरून काम करणार असेल तर व्यवसाय कर राज्यागणिक वेगळा असतो, नेमणुकीआधी सीएला विचारा.

बदलण्याआधी बारा आठवडे

सध्या सगळे ऑफिसात असतील तर एकदम उडी नको. एकच प्रकल्प घ्या, त्यातला एक अनुभवी माणूस बारा आठवडे बाहेरून काम करेल, वरचे सगळे नियम पाळून. तीन गोष्टी मोजा: किती काम पुन्हा करावं लागलं, नोंदवहीत न आलेले किती निर्णय नंतर उघड झाले, आणि शिकाऊ मुलाचा प्रश्न सुटायला सरासरी किती वेळ लागला. चौथ्या आठवड्यात हे तिन्ही आकडे वाईटच दिसतील, तेव्हा थांबू नका. आठव्या आठवड्यातही नोंदवही रिकामी असेल तर मात्र प्रयोग तिथंच बंद करा आणि आधी ऑफिसातच लिहायची सवय लावा.