डोंगल, मल्टिमीटर की गॅरेजचा स्कॅनर? इंधन-मिश्रण बिघडवणारा सेन्सर शोधताना

पेट्रोल गाडीचे ॲव्हरेज उतरले, प्लग काळे पडू लागले आणि ‘चेक इंजिन’चा दिवा लागला, की बहुतेक गाडीमालकांना पहिला सल्ला मिळतो तो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर बदलण्याचा. हा सेन्सर काही हजारांना पडतो, आणि तो बदलूनही दिवा पुन्हा लागल्याची उदाहरणे आपल्याकडे कमी नाहीत. कारण हवा-पेट्रोलचे मिश्रण बिघडल्याची वर्दी देणारा आणि ते बिघडवणारा एकच असेल असे नाही. खरा दोषी शोधण्यासाठी तीन साधने उपलब्ध आहेत: गाडीच्या तपासणी-सॉकेटमध्ये खोचून मोबाइलला जोडायचा ब्लूटूथ डोंगल, साधा डिजिटल मल्टिमीटर आणि गॅरेजमधला मोठा स्कॅनर. पहिले पैसे कशावर घालावेत, हा प्रश्न आहे.

तिन्हींत मूळ फरक असा, की डोंगल इंजिनाच्या ईसीएमला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, काय वाटते ते सांगतो, तर मल्टिमीटर वायरमध्ये प्रत्यक्ष काय आहे ते सांगतो. स्कॅनर डोंगलचेच काम अधिक खोलात जाऊन करतो आणि शिवाय ईसीएमला हुकूमही देऊ शकतो.

माझ्या मते सुरुवात डोंगलपासून करावी, आणि त्यातही कोडपेक्षा (ईसीएमने नोंदवलेल्या बिघाडाच्या क्रमांकापेक्षा) ‘फ्युएल ट्रिम’कडे आधी पाहावे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते. हे प्रमाण टिकवण्यासाठी ईसीएम मूळ हिशेबात किती टक्के इंधन वाढवतो किंवा घटवतो, तो आकडा म्हणजे ट्रिम. क्षणोक्षणी बदलणारी अल्पकालीन आणि ईसीएमने शिकून साठवलेली दीर्घकालीन अशा दोन ट्रिमची बेरीज उणे दहा ते अधिक दहा टक्क्यांच्या आत असेल, तर सहसा काळजीचे कारण नसते. हवेचे वजन मोजणारा एअर-फ्लो सेन्सर असलेल्या गाडीत ट्रिम आयडलिंगला (गाडी उभी, ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन सुरू) अधिक वीस आणि २५०० आरपीएमला जवळपास शून्य दिसली, तर सेन्सर नव्हे, इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेकमधली हवेची गळती शोधावी. उलट गाडीवर भार येईल तशी ट्रिम वाढत गेली, तर एअर-फ्लो सेन्सरच्या तारेवर धूळ बसली आहे किंवा पेट्रोल पंपाचा दाब कमी पडतो आहे, असा संशय घ्यावा. एअर फिल्टर नीट न बसलेल्या गाडीत काळ्या मातीची बारीक धूळ या तारेपर्यंत सहज पोचते, आणि अशा वेळी नव्या सेन्सरऐवजी त्यासाठीच मिळणाऱ्या क्लीनरच्या फवाऱ्यावरही काम भागू शकते.

आपल्याकडच्या अनेक लहान पेट्रोल गाड्यांत मात्र एअर-फ्लो सेन्सर नसून इनटेकमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. त्याची पहिली परीक्षा फुकट होते: इंजिन सुरू न करता फक्त इग्निशन ऑन करावे आणि डोंगलवर दाब वाचावा. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून थोडे अधिक उंच असल्याने तेथे हा आकडा ९५ किलोपास्कलच्या आसपास यायला हवा. मुंबईत १०१ येतो, म्हणून मुंबईकराच्या व्हिडिओतला आकडा संभाजीनगरात जुळला नाही तरी सेन्सर बाद ठरवू नये.

मल्टिमीटरचे मोल मला कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) तापमान-सेन्सरने शिकवले. जालन्याहून संभाजीनगरला पोचल्यावरही माझ्या गाडीचा डोंगल कूलंटचे तापमान ४१ अंश दाखवत होता, ट्रिम उणे १८ होती आणि कोड पी०१७२, म्हणजे मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) असल्याचा होता. गॅरेजने ऑक्सिजन सेन्सर बदलायला सांगितले होते. केवळ डोंगलवर विसंबलो असतो, तर थर्मोस्टॅट (कूलंटचा प्रवाह उघडणारी-बंद करणारी झडप) उघडाच अडकला आहे की सेन्सर खोटे बोलतो आहे, हे कळले नसते. रेडिएटरच्या वरच्या होजला (रबरी नळीला) हात लावला तर चटका बसला. वायरचा कपलर (जोड) काढून सेन्सरचा रोध (रेझिस्टन्स) मोजला, तो सुमारे ११०० ओहम भरला. या जातीच्या सेन्सरमध्ये ८० अंशांना तो तीनशेच्या आसपास असायला हवा होता. इंजिन तापले होते आणि सेन्सर ते कोमट असल्याचे सांगत होता, म्हणून ईसीएम मूळ हिशेबातच जास्तीचे पेट्रोल ओतत होता आणि उणे ट्रिम ते घटवू पाहत होती. बहुतेक गाड्यांत रेडिएटरचा पंखाही याच सेन्सरचे ऐकतो, तेव्हा मे महिन्यात हा दोष केवळ ॲव्हरेजपुरता राहिला नसता. डोंगलवर उणे ४० अंश दिसले, तर मात्र आधी तुटलेली वायर किंवा निघालेला कपलर पाहावा.

मल्टिमीटरला मर्यादाही आहेत. जुन्या पद्धतीचा ऑक्सिजन सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान इतक्या वेगाने वरखाली होतो, की साध्या मीटरचा आकडा मागे पडतो. तेथे डोंगलवरचा आलेख बरा. अनेक बीएस ६ गाड्यांतल्या वाइडबँड (हवा-इंधनाचे नेमके प्रमाण मोजणाऱ्या) ऑक्सिजन सेन्सरच्या बाबतीत तर मल्टिमीटरने हीटरचा रोध मोजण्यापलीकडे फारसे काही साधत नाही.

स्कॅनर घरी घेण्याची वस्तू नव्हे. कंपनीचे खास कोड वाचायचे असतील, एकेक इंजेक्टर बंद करून पाहायचा असेल किंवा गाडी बीएस ३ ची असून डोंगल जोडलाच जात नसेल, तेव्हा त्याचे भाडे वसूल होते.

एक सावधगिरी इथेनॉलची. आपल्याच भागातल्या उसाचे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत असते आणि अशा पेट्रोलला हवा कमी, सुमारे साडेतेरा भाग लागते. त्यामुळे जुन्या गाडीची ट्रिम पाच-सात टक्क्यांनी अधिककडे झुकली, तर तो सेन्सरचा दोष समजू नये. सीएनजी किट असेल, तर आकडे गाडी पेट्रोलवर चालवूनच घ्यावेत.

दुरुस्ती स्वतः करणार नसलात तर एकटा डोंगल पुरे. कपलर काढायची तयारी असेल तर मल्टिमीटर जोडीला घ्यावा. मेकॅनिककडे जाण्यापूर्वी आयडलिंगला आणि २५०० आरपीएमला दिसणाऱ्या आकड्यांचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवावेत, आणि ते घेतल्याखेरीज कोड पुसू देऊ नये किंवा बॅटरीची वायर काढू देऊ नये. कोड पुसला की बिघाडाच्या क्षणाची नोंद जाते, शिकलेली ट्रिमही सहसा शून्यावर येते आणि तपास पहिल्यापासून करावा लागतो.