सेतीच्या पैशात रामसेस : लक्सरमध्ये आमचे १९० डॉलर कसे गेले

३१ वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची ११ हेड कॅशियर म्हणून. खोटी नोट डोळ्यांआधी माझ्या बोटांना कळायची. असा माणूस परक्या देशात १९० डॉलर मोजून देतो आणि हातात आलेली चिठ्ठी न वाचता खिशात घालतो. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. आमच्या घरात हसून झालंय.

फेब्रुवारी २०२५ मध्ये आम्ही दोघं इजिप्तला गेलो. टूर कंपनीबरोबर जायचं नाही, हे खूळ माझंच. लक्सरच्या हॉटेलच्या लॉबीत एक गाइड भेटला. इंग्रजी स्वच्छ, सुरुवात 'नमस्ते'ने, गळ्यात ओळखपत्र. ते उलटं लटकत होतं, हे आत्ता आठवतंय. दिवसभराची गाडी आणि तो स्वतः, दोघांचे मिळून ७० डॉलर. सकाळी नाईलच्या पश्चिम तीरावर राजांची दरी, म्हणजे जुन्या फॅरो राजांच्या कबरी, मग हॅतशेपसुत राणीचं देऊळ, दुपारी नदी ओलांडून कर्नाकचं मंदिर. भाव वाजवी होता. असल्या लोकांचा पहिला भाव नेहमी वाजवीच असतो.

प्रवेश तिकिटं वेगळी. तिथल्या खिडक्यांवर रोख घेत नाहीत, कार्डच लागतं. हे खरं आहे, आणि म्हणूनच गळाला लागलो. गाइड म्हणाला, "इंडियन कार्ड इथे अडकतं, सर. रोख मला द्या, मी माझ्या कार्डाने काढतो." माझ्या कार्डावर परदेशी व्यवहार मी निघायच्या आधी मुद्दाम सुरू करून घेतले होते, तरी दिले. रांग लांब होती, हिचा गुडघा दुखत होता आणि तो आपुलकीने बोलत होता. तुम्हीही दिले असते. (नसते दिले तर अभिनंदन.)

हिशेब त्याने गाडीतच मांडला. दरीचं तिकीट माणशी ७५० पौंड, त्यातल्या सेती पहिला या फॅरोच्या कबरीचं वेगळं २०००, हॅतशेपसुत ४४०, कर्नाक ६००. दोघांचे मिळून ७५८० इजिप्शियन पौंड. डॉलरला तेव्हा साधारण ५० पौंड मिळत होते, याने ४० धरला. 'कार्ड चार्जेस' म्हणे. म्हणजे १९० डॉलर. इथे ३८ डॉलर गेले, ते मला कळत होते. परदेशात आलोय तर जाऊ देत म्हटलं. पण ती फक्त बोहनी होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : दरीच्या साध्या तिकिटात तीनच कबरी बघता येतात. तुतनखामन, रामसेस सहावा आणि सेती पहिला यांची तिकिटं वेगळी काढावी लागतात. त्यात तेव्हा रामसेस सहाव्याचं २२० होतं आणि सेतीचं २०००. हा फरक लक्षात ठेवा. तिकिटं स्वतःजवळ ठेवा. आमची त्याने "हरवतील" म्हणून खिशात ठेवली आणि प्रत्येक कबरीच्या दारात तिथल्या माणसाला स्वतः दाखवली.

आता ते दार, त्याने सेतीचं म्हणून नेलेलं. दारापाशी पाटी होती. तो पाटीला पाठ लावूनच उभा होता. हिने मान वाकडी करून वाचलं आणि म्हणाली, "अहो, इथे रामसेस लिहिलंय."

तो हसला. "मॅडम, सेती म्हणजे रामसेसचे वडील!"

आणि मी, मी स्वतः, तिला समजावलं, "बरोबर आहे गं, बाप-लेक ते." वाचून गेलो होतो ना! सेती पहिला हा रामसेस दुसऱ्याचा बाप. पाटीवर होता सहावा, तो सेतीनंतर शंभराहून जास्त वर्षांनी गादीवर आला. दरीतल्या कबरींना क्रमांक आहेत. सेतीचा १७, रामसेस सहाव्याचा ९. पाटीवर नऊचा आकडा टपोरा होता. आयुष्यभर आकडे वाचले आणि त्या दिवशी नेमका बाप-लेक वाचत बसलो.

आत गेल्यावर तरी कळायला हवं होतं. सेतीच्या कबरीत खोल पायऱ्या आहेत, म्हणून हिच्या गुडघ्यासाठी मी गोळीसुद्धा बरोबर घेतली होती. आणि आत काय, तर सरळ उताराची वाट, पायऱ्या नावाला. "बरं झालं बाई," ही म्हणाली. मीही खूश. छतावर नट या आकाशदेवीचं लांबच लांब अंग, ती संध्याकाळी सूर्य गिळते आणि सकाळी त्याला जन्म देते. ते मात्र खरोखर डोळ्यांत मावत नाही. सेतीच्या छतावर आकाशातल्या तारकांची चित्रं आहेत असं वाचलं होतं, इथेही तारका दिसल्या. झालं समाधान. गाइडला विचारावं तर त्यांना आत बोलायला मनाई, तो बाहेर सावलीत. हा नियमही खराच आहे. त्याच्या धंद्याला सगळे खरे नियमच उपयोगी पडले.

वाटेत अलाबास्टरच्या दुकानात १८०० पौंडांची फुलदाणी घेतली. तिच्याबद्दल लिहीत नाही, हिला ती अजून खरी वाटते.

रात्री जेवताना ठाण्याचं एक जोडपं भेटलं. त्यांनी मोबाइलवर सेतीच्या कबरीचे फोटो दाखवले. पायऱ्या, पायऱ्या आणि परत पायऱ्या. माझा घास तिथेच राहिला. नीट हिशेब केला : सेतीऐवजी रामसेस सहाव्याचं तिकीट धरून खरा खर्च ४०२० पौंड, म्हणजे जेमतेम ८० डॉलर. बाकीचे ११० त्याचे. आपले साधारण साडेनऊ हजार रुपये.

हॉटेलवाले म्हणाले, तो आमचा माणूस नाही. लॉबी तुमची, सोफा तुमचा, चहा तुम्ही पाजलात, माणूस मात्र तुमचा नाही! सकाळी चौकीत गेलो. पाऊण तास बसवलं, पासपोर्ट नेला, चहा आला. मग कळलं की गुन्हा पश्चिम तीरावरचा, तुम्ही पूर्वेला आलात. 'आमच्या हद्दीत येत नाही' हे वाक्य नाशिकमध्ये ऐकलं होतं, नाईलकाठी ऐकेन असं वाटलं नव्हतं. फेरीने पलीकडे गेलो. तिथे तक्रार अरबीत हवी. लिहून देणारा जेवायला गेलेला. दोन तासांनी साहेब भेटले. गाइडचा परवाना क्रमांक विचारला, तो माझ्याकडे नाही. (पहिल्या भेटीतच ओळखपत्राचा फोटो काढा. सुलटं करून.) पुरावा? मी ऐटीत चिठ्ठी काढली. साहेबांनी वाचली आणि परत दिली. तीत फक्त ७० डॉलर लिहिलं होतं, गाडी आणि गाइडचे. १९० चा उल्लेखच नाही.

चिठ्ठी अरबीत होती, आणि त्यांचे आकडे वेगळे असतात. शून्य म्हणजे नुसतं टिंब, आणि आपलं शून्य दिसतं तो त्यांचा पाच. जाण्याआधी ते दहा आकडे शिका, अर्धा तास लागतो. मी पिरॅमिडवर चार महिने वाचत होतो.

साहेब म्हणाले, तुमचा आपसातला व्यवहार आहे. परत आल्यावर एका कार्यालयाला तीन मेल केले. तिन्हींना तेच दोन भाषांतलं ठरावीक उत्तर, 'आपला अभिप्राय मोलाचा आहे.' गाइडने मात्र स्वतःहून मेसेज केला. पाच तारे द्या म्हणून.

कार्ड स्वतःचं वापरा, खिडकीपाशी स्वतः उभे राहा, तिकिटावरचा आकडा वाचा. आणि बायको पाटी वाचत असेल तर तिला वाचू द्या.

कुटुंबाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर मी त्याच दुपारी फोटो टाकला होता, 'सेती पहिला, दरीतली सर्वांत देखणी कबर'. खाली सगळ्यांच्या टाळ्या. परवा मेहुण्याने तो मोठा करून पाहिला आणि विचारलं, "दाजी, पाटीवर नऊ का दिसतंय?" अजून उत्तर दिलेलं नाही.