वसतिगृहातलं गरम पाणी: सोलर की गिझर?

20 लिटरची बादली 25 अंशांनी तापवायला साधारण 0.6 युनिट वीज लागते. 100 मुलींच्या वसतिगृहात रोज 60 युनिट! महाराष्ट्रात ती वीज अजून मुख्यतः कोळशावरच तयार होते. म्हणून माझं मत सोलरला. दिवसभर उन्हात तापलेलं पाणी गच्चीवरच्या टाकीत पहाटेपर्यंत गरम राहतं. खरी अडचण खाली: तळमजल्यावर गरम पाणी येईपर्यंत पाइपातलं गार पाणी वाहून जातं. ते बादलीत धरून कपडे भिजवायला वापरावं, आणि पाइपांना उष्णता टिकवणारं आवरण बसवायचा आग्रह रेक्टरांकडे धरावाच. गिझर नळाजवळच असतो, त्यामुळे पाणी कमी वाया जातं. आषाढ-श्रावणात सलग ढग असले की त्याच्याशिवाय भागत नाही. तेवढ्यापुरता तो जरूर ठेवावा.